स्ट्रॉबेरीला खड्डा कुणी पाडला ते आधी बघा, औषध नंतर

ताई, तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी एकत्र मांडते. नाशकात इंदिरानगरला बंगला. अंगणातल्या वाफ्यात बारा आणि गच्चीवर कुंड्यांत वीस, अशी विंटर डॉन जातीच्या स्ट्रॉबेरीची रोपं तुम्ही ऑक्टोबरात लावलीत. डिसेंबरअखेर फळं धरली. पण फळ लाल झालं की दुसऱ्या दिवशी त्याला खड्डा पडलेला असतो. गच्चीवरची काही फळं तर अख्खीच गायब. पानांवर पांढुरके ठिपके येऊन ती निस्तेज झालीत, चार-पाच फळं वेडीवाकडी निघाली. दिरांनी पिंपळगावच्या द्राक्षबागेतून अर्धी बाटली औषध आणून दिलंय, ते किती घालून मारायचं?

बाटलीचं आधी सांगते. ती मारू नका.

दिरांच्या बागेत ते औषध योग्यच असेल. द्राक्षाची काढणी ठरलेल्या वेळी होते, त्यामुळे काढणीआधी अमुक दिवस फवारणी बंद, हा हिशेब बागायतदाराला बसवता येतो. स्ट्रॉबेरीच्या एकाच रोपावर फूल, हिरवं फळ, पांढरं फळ आणि लाल फळ एकाच वेळी असतं आणि तुम्ही दर दोन-तीन दिवसांनी तोडा करता. वाट कुठल्या दिवसापासून मोजणार? शिवाय या फळाला सोलायला साल नाही, नातवंडं ते रोपावरूनच तोंडात टाकतात. बाटलीवरचं प्रमाण एकराच्या हिशेबाचं असतं, ते दोन लिटरच्या पंपाला अंदाजाने बसवायला गेलं की चूक होतेच. बाटली दिरांना परत द्या, मोरीत ओतू नका.

दुसरं कारण माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेलं आहे. नोकरीची बरीच वर्षं मी सुरगाणा-कळवण भागात कृषी सहायक म्हणून काढली. वणीमार्गे सापुताऱ्याला जाताना बोरगाव-हातगडच्या रस्त्याला हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात, तोच पट्टा. पहिल्याच हंगामात खोलीसमोर हौसेने लावलेल्या रोपांवर मावा दिसला आणि दुकानदाराने हातात दिलेलं पायरेथ्रॉइड, म्हणजे चांगल्या-वाईट बहुतेक किड्यांना मारणारं कीटकनाशक, मी मारून टाकलं. दोन दिवसांत मावा साफ. तिसऱ्या आठवड्यात पानं तांबूस झाली, खालच्या बाजूला बारीक जाळी दिसायला लागली आणि महिन्याभरात निम्मी रोपं बसली. औषधाने माव्याबरोबर ढालकिडे मेले, कोळी खाणारे मित्रकोळीही मेले, आणि लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी ती अगदी बारीक कीड, मात्र टिकला. त्याला खाणारं कुणी उरलंच नव्हतं. तेव्हापासून घरच्या स्ट्रॉबेरीवर मी असं औषध मारलेलं नाही.

आता चोर कोण ते बघू. तुमच्याकडे तो एक नाही, निदान तीन असावेत, आणि खड्डा नीट पाहिला तर तो खड्डाच नाव सांगतो.

खड्डा खोल, कडा गुळगुळीत, चमच्याने कोरल्यासारखा, आणि आसपास पानावर किंवा मातीवर वाळलेला चकचकीत पट्टा असेल तर ती गोगलगाय, बहुतेक बिनशंखाची. अंगणातल्या वाफ्यात हीच असणार असा माझा अंदाज आहे. फळाच्या वरच्या, उन्हाकडच्या लाल अंगावर टोकदार, त्रिकोणी टोचा असेल आणि तो दिवसा पडत असेल तर पक्षी. नाशकात बहुतेक वेळा लालबुड्या बुलबुल, खालोखाल साळुंकी. फळ अख्खं नाहीसं, किंवा अर्धं खाऊन कठड्यावर टाकलेलं, तर खार. रात्रीत बारीक दातांच्या खुणा उमटल्या आणि फळाच्या अंगावरच्या बियाच कुरतडलेल्या दिसल्या तर उंदीर. फळाला गोल भोक, आत अळी आणि तिची काळसर विष्ठा, तर ती पानं खाणाऱ्या नाहीतर बोंड पोखरणाऱ्या अळीची करामत. मातीला टेकलेल्या पिकल्या फळात पैसा, म्हणजे वाणी किडा, वेटोळं करून बसलेला सापडतो. पण तो बहुतेकदा दुसऱ्याने पाडलेल्या भोकातून आत जातो, मूळ दोष त्याचा नसतो. मुंग्यांचंही तेच.

म्हणून आज रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन अंगणात जा. दिवसा दहा वेळा बघून जे कळत नाही ते या एका फेरीत कळतं. फळ उचलून खालून बघा, पानाखाली बघा, वाफ्याच्या कडेच्या विटांच्या फटीत बघा. गोगलगाय असेल तर ती तिथेच, फळाला चिकटून खात असलेली दिसेल. हातमोजा घालून किंवा चिमट्याने उचला आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, तिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. ज्या फळावर ती फिरली आहे ते नीट धुतल्याशिवाय मुलांना देऊ नका. आणि मीठ डब्यातच ठेवा, वाफ्यात टाकू नका. खारवट माती सगळ्यात आधी सहन न होणाऱ्या पिकांत स्ट्रॉबेरी येते. गोगलगाय मरेल, पण रोपांच्या पानांच्या कडाही जळतील.

रोज रात्री जाणं जमणार नाही हे मला माहीत आहे. त्यासाठी गोणपाट. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला अंथरा, सकाळी उन्हं यायच्या आत उलटा. खाली जमलेल्या सगळ्या गोगलगायी आयत्या सापडतात. दुसरा उपाय कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि थोडं यीस्ट फेसाळवून त्याच्या वाट्या मातीत पुरणं. बिअर वापरतात तीही याच आंबूस वासासाठी. वाटीचा काठ मातीच्या वर बोटभर ठेवा, नाहीतर गोगलगायीची अंडी आणि पिल्लं खाणारे जमिनीतले भुंगेही आत पडून बुडतात. अंड्याच्या टरफलांचा चुरा पसरायला सगळे सांगतात, मी तो तीन हंगाम वापरला आणि ओल्या मातीत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दुकानात गोगलगायीच्या गोळ्या मिळतात, त्यात मेटाल्डिहाइडच्या असतील तर कुत्र्या-मांजरांच्या जिवाला धोका आहे. घेणारच असाल तर आयर्न फॉस्फेटच्या घ्या. वाफा उकरताना साबुदाण्यासारख्या पांढऱ्या मण्यांचा पुंजका सापडला तर तो खताचा दाणा समजून परत पुरू नका, ती अंडी आहेत.

गोगलगायींना आवरण्यात निम्मं काम पाण्याच्या वेळेचं आहे. संध्याकाळी पाणी घातलं की रात्रभर त्यांना ओला रस्ता मिळतो. पाणी सकाळी, मुळाशी घाला. मातीवर आच्छादन हवंच, कारण फळ मातीला टेकलं की सडतं. पण जाड, ओलं आच्छादन म्हणजे गोगलगायींचं घर. मी इगतपुरीकडून आणलेला भाताचा पेंढा वापरते, तोही पातळ थरात, आणि ओला झाला की बदलते. कुंडीत तर रोप काठाजवळ लावून फळांचे घोस बाहेर लोंबते ठेवावेत. हवेत लटकणाऱ्या फळाला माती लागत नाही आणि करडी बुरशीही कमी धरते.

आता पानांकडे येते, कारण फळांपेक्षा मला तुमच्या पानांची काळजी जास्त वाटते. खड्डे पडलेली फळं गेली तर नवी येतील. पानं गेली तर हंगामच गेला.

वरून पांढुरके, सुईने टोचल्यासारखे ठिपके, एकूण रंग निस्तेज, ही लाल कोळ्याची पहिली खूण आहे. दोन ठिपक्यांचा कोळी असंही त्याला म्हणतात आणि तो बरेचदा हिरवट-पिवळाच असतो, त्यामुळे लाल काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पांढऱ्या कागदावर पान उपडं धरून दोन टिचक्या मारा. पडलेली धूळ जर चालायला लागली तर तो कोळी. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलंत तर पानाच्या खालच्या शिरेलगत त्याची काचेच्या मण्यांसारखी गोल अंडीही दिसतील. ते भिंग औषधाच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं आणि पुढे वर्षानुवर्षं वापरता येतं.

निफाडचा पारा खाली उतरतो त्या दिवसांत हा कोळी दबून असतो. फेब्रुवारीत दुपारी तापायला लागल्या, हवा कोरडी झाली की अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे जे करायचं ते जानेवारीतच करा. आधी सगळी जुनी, जमिनीलगतची, तांबूस पानं देठापासून काढा आणि पिशवीत बांधून फेकून द्या, कंपोस्टात घालू नका. मग सकाळी पाइपच्या तोंडाला बोट लावून बारीक, जोराची धार पानांच्या खालच्या बाजूने मारा. एका हाताने पान उलटून धरा, दुसऱ्या हाताने धार. फुलांवर ती येऊ देऊ नका. सकाळी केलं की पानं दिवसभरात वाळतात. एक दिवसाआड असं आठवडाभर केलं तर निम्मा कोळी धुऊन जातो. रस्त्यालगत बंगला असेल तर धूळही धुतली जाते, आणि धुळीत कोळी फार माजतो.

त्यानंतर निंबोळी तेल. एक लिटर कोमट पाण्याला पाच मिली तेल, आणि ते पाण्यात मिसळायला रिठ्याचं पाणी. तेल आधी रिठ्याच्या दाट पाण्यात घुसळून दुधासारखं करा, मग बाकीचं पाणी हळूहळू घाला. तेल थेट पाण्यात टाकलंत तर ते वर तरंगतं, पहिल्या झाडांना नुसतं पाणी मिळतं आणि शेवटच्या झाडाची पानं तेलाने भाजतात. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. आधी दोनच रोपांवर मारून दोन दिवस थांबा, मग बाकीच्यांवर. वेळ सूर्य मावळल्यावरची, म्हणजे मधमाश्या परतलेल्या असतात आणि ऊनही नसतं. फवारा खालून वर. अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा, आणि पुन्हा एकदा. एकदाच मारून 'फरक पडला नाही' म्हणणारे बरेच भेटतात. फवारण्याआधी पिकलेली सगळी फळं तोडून घ्या, नाहीतर कडवट लागतात.

दिरांकडून काही घ्यायचंच असेल तर ते भुरी या बुरशीसाठी वापरतात ते पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक मागून घ्या. जास्तच जाळी धरली असेल त्या रोपांची फळं काढून टाकून, लिटरला दोन ग्रॅम एवढंच. पण तेल मारल्यावर पंधरा दिवस गंधक नाही, गंधकावर पंधरा दिवस तेल नाही, आणि पारा ३२ अंशांच्या वर जात असेल तर गंधक अजिबातच नाही. पानं करपतात.

गच्चीवर झेंडू लावलाय असं तुम्ही लिहिलंय. झेंडूने कीड पळते असं सगळीकडे सांगतात, पण लाल कोळ्याला झेंडू फार आवडतो. झेंडूची पानं उलटून बघा. जाळी असेल तर त्या कुंड्या आजच दूर हलवा. वांग्याचं रोप असेल तर तेही. त्याऐवजी दोन कुंड्यांत कोथिंबीर आणि बडीशेप फुलावर येऊ द्या. त्या बारीक फुलांवर मावा खाणाऱ्या किड्यांचे प्रौढ येतात. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, छोट्या मगरीसारखी दिसते. ओळख नसल्याने लोक तिलाच आधी चिरडतात. ती दिसली तर त्या रोपावर फवाराच मारू नका.

वेड्यावाकड्या फळांबद्दल. तुमची समजूत आहे की तीही किडीने झाली. काही वेळा होतात. फुलं पांढऱ्या कागदावर झटकली आणि बारीक पिवळसर काड्यांसारखे किडे धावले तर ते थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. फळ टणक, तांबूस आणि बियांनी भरलेलं राहतं. आसपासच्या गावांत कांद्याची काढणी लागली की वाऱ्याबरोबर ते येतात. त्यांना निळे चिकट कागद लावा, पण भोवती जाळीचं कवच करा, नाहीतर पाली आणि चिमण्याही चिकटतात. मात्र तुमच्या फोटोतली फळं एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला आक्रसलेली आहेत. आक्रसलेल्या बाजूच्या बिया बघा, बारीक आणि एकमेकींना चिकटून असतील. स्ट्रॉबेरीचा गर प्रत्येक फळलेल्या बीभोवती फुगतो. जिथे परागकण पोचला नाही तिथे बी पोचट राहते आणि गर वाढत नाही. थोडक्यात, त्या फुलांवर मधमाश्या पुरेशा आल्या नाहीत. तुम्ही गच्चीवर बारीक, मच्छरदाणीसारखी जाळी टाकलीय ना, बहुधा तिनेच त्यांची वाट अडवली. सकाळी आठ ते बारा जाळी उघडी ठेवा, किंवा मऊ कुंचल्याने प्रत्येक फुलाच्या मधल्या पिवळ्या उंचवट्यावर गोल फिरवा.

पक्ष्यांसाठी जाळी हवीच, पण ती वेगळी. साधारण १५ ते २० मिलिमीटरच्या भोकांची, जाड दोऱ्याची, डोळ्याला दिसेल अशा रंगाची. त्यातून सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या आरामात जातात, बुलबुल जात नाही. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या कमानी करून त्यांवर ती ताणून बसवा आणि कडा विटांनी दाबा. ताणून हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. एका मार्चमध्ये मी तंगूसासारख्या बारीक धाग्याची जाळी नुसतीच रोपांवर पसरली होती. दुपारी बाहेर आले तर बुलबुलाच्या जोडीतला एक पंखाने आणि पायाने गुरफटून उलटा लटकत होता आणि दुसरा कठड्यावर ओरडत होता. एकेक धागा नखकात्रीने कापून त्याला सोडवायला वीस मिनिटं लागली. तो उडाला, पण वाकडा उडाला. ती जाळी मी त्याच दिवशी कापून टाकली. अंगणात तर जमिनीवर सैल पडलेल्या जाळीत धामणही अडकते, आणि तुमच्या बागेतले उंदीर धामणीइतके कुणी कमी करत नाही.

फळं रंग धरण्याआधी, हिरवी असतानाच, तेवढ्याच आकाराचे खडे लाल रंगवून रोपांत ठेवा. पक्षी येतात, टोचून बघतात, चोच दुखते, निघून जातात. माझ्याकडे याने पंधरा-वीस दिवस निघतात, मग ते शहाणे होतात. चकाकणाऱ्या सीडी तर चार दिवसही टिकत नाहीत. गच्चीच्या एका कोपऱ्यात पाण्याचं पसरट भांडं मात्र भरून ठेवा. कोरड्या दिवसांत पक्षी फळाला पाण्यासाठीही चोच लावतात.

खारीपुढे नायलॉनची जाळी टिकत नाही, ती कुरतडते. गच्चीवरच्या वीस कुंड्या एकत्र मांडून लोखंडी वेल्डमेशचा पिंजरा करून घ्या, वर उघडणारं झाकण ठेवून. अर्ध्या इंचाची जाळी मोठ्या उंदरालाही अडवते. माश्यांना मात्र ती अडचणीची होते, म्हणून फुलं जास्त असतील तेव्हा सकाळी झाकण उघडं ठेवून तुम्ही तिथे असा. खर्च एकदाच होतो. उंदरासाठी सापळा लावा, विष नको. विष खाल्लेला उंदीर घुबड किंवा शेजारचं मांजर खातं.

आणि ज्यांना एवढं करणं शक्य नाही त्यांच्यासाठी माझा सगळ्यात आवडता उपाय: लग्नामुंजीत सुकामेवा किंवा सुपारी घालून देतात त्या ऑर्गन्झाच्या पोटल्या. प्रत्येक घरात दहा-वीस पडून असतात. पाकळ्या गळून फळ वाटाण्याएवढं झालं, म्हणजे परागीभवन उरकलं, की अख्खा घोस पोटलीत घालून नाडी देठाशी हलकेच ओढा. ऊन आणि वारा आत जातो. पक्षी, अळी, पैसा, मुंगी बाहेर राहतात, गोगलगायही बरीचशी थांबते. पाऊस किंवा दाट धुकं पडलं तर पोटल्या काढून वाळवा, ओल्या पोटलीत बुरशी धरते. माझ्या गच्चीवर खारीने दोन पोटल्या फाडल्या, बाकी पन्नासेक शाबूत राहिल्या.

मुंग्यांचं चटकन सांगते. त्या दिसल्या की फळाआधी कोवळ्या शेंड्यावर बघा, तिथे मावा किंवा पिठ्या ढेकूण असणार, त्याचा गोड चिकटा चाटायला त्या येतात आणि त्याला राखतातही. मावा पाण्याच्या धारेने जातो. कुंड्यांच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पूर्वी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे ठेवायचे तसे, आणि डास होऊ नयेत म्हणून पाणी दर तीन दिवसांनी बदला.

एखादं रोप पाणी असूनही माना टाकत असेल आणि ओढल्यावर मुळांशिवाय हातात आलं तर हुमणी. त्या कुंडीची माती कागदावर ओतून चाळा, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी सापडेल. ती कच्च्या शेणखतातून येते. पुढच्या वर्षीचं शेणखत मे महिन्यातच आणून, ओलं करून, प्लॅस्टिकखाली उन्हात तापू द्या आणि भरताना चाळून घ्या.

तोडणीबद्दल एक. पक्षी खातील या भीतीने फळं अर्धी पांढरी असतानाच तोडता, असं तुम्ही लिहिलंय. घरात ठेवून ती लाल होतील, पण गोड होणार नाहीत. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही, रोपावर जेवढी साखर भरली तेवढीच. म्हणून पोटलीत राहू द्या, देठापर्यंत लाल होऊ द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत देठासकट खुडा. पिकलेलं किंवा खराब झालेलं एकही फळ रोपावर रात्रभर ठेवू नका, त्याच वासाने बाकीचे येतात.

आज रात्रीच्या फेरीत अंगणात काय सापडलं ते कळवा, आणि ठिपक्यांच्या पानाचा खालच्या बाजूचा फोटो पाठवा. वरच्या बाजूचे तीन पाठवलेत, खालचा एकही नाही. कोळ्याची जाळी दिसली तर तेलाची पहिली फवारणी उद्या संध्याकाळीच करा, नसेल तर आठवडाभर नुसत्या पाण्यावर भागेल.